जात्याला दुसरा हात

गोदाकाठचें गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. परंपरेप्रमाणें त्या लहानपणींच पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आल्या व तेथें दासी म्हणून राबल्या. त्यांच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल जात्यापाशीं बसून दळूं लागतो. देवाचा असो वा शेजारणीचा, खुंट्याला दुसरा हात लागला कीं श्रम हलके होतात आणि मन बोलूं लागतें. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकारानें जमलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. माहेर, सासर, सुखदुःख, सारें त्यांत बोललें गेलें आहे.

शहरांत पिठाची गिरणी आली, पाणी नळानें घरांत आलें. कष्ट सरले हें चांगलेंच झालें. परंतु त्यांबरोबर रोजची गांठभेटही सरली. एकाच जिन्यावरचीं कुटुंबें एकमेकांचीं नांवें जाणत नाहींत, आणि रात्रीं आजार उद्भवला म्हणजे कोणाचें दार ठोठवावें हा प्रश्न पडतो. पूर्वीं शेजारधर्म कामाच्या ओघांत घडे. आतां तो जाणून करावा लागतो. भाजी निवडावयास शेजारणीकडे जाऊन बसणें, वृद्धास औषध आणून देणें, एवढ्यानेंही कोणाच्या तरी खुंट्याला दुसरा हात लागतो.