शिंगराची हाडे आणि बाजाराची घाई

चंदीगड ही पंजाब आणि हरियाणा या दोन कृषिप्रधान राज्यांची सामाईक राजधानी. येथून पंजाबात पश्चिमेकडे गेल्यास मुक्तसर येथे माघी मेळ्यानिमित्त दर जानेवारीत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हरियाणातील हिसार येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. घोड्याविषयीचे ज्ञान एका ठिकाणी आणि त्याची किंमत दुसऱ्या ठिकाणी ठरते; शिंगरांच्या सांध्यांचे दुखणे या दोहोंमधील अंतरातून बरेचसे उद्भवते.

शिंगरू प्रौढ उंचीच्या सुमारे ९० टक्के उंची पहिल्या वर्षातच गाठते. वजन मात्र तेव्हा प्रौढाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते. उंचीमुळेच पाहणाऱ्याची फसगत होते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा थर असतो आणि त्याचे क्रमाक्रमाने हाडात रूपांतर होते. खुराच्या वरच्या नळीच्या हाडातील हा थर सहा ते नऊ महिन्यांत मिटतो, पुढच्या गुडघ्याच्या वरचा सुमारे दोन ते अडीच वर्षांनी. पाठीच्या मणक्यांचे काम तर पाचव्या वर्षापर्यंत, कधी त्यानंतरही चालू राहते. म्हणजे स्वाराचे ओझे ज्या भागावर येते, तोच सर्वांत उशिरा पक्का होतो.

कूर्चेला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या अकाली बंद पडल्या, तर तेवढा भाग मृत होतो व त्याचे हाड बनत नाही. भार पडताच त्याचा तुकडा सुटून सांध्यात अडकतो, सांधा सुजतो आणि पुढे कायमचा झिजतो. ऑस्टिओकाँड्रोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात आनुवंशिकता, अतिजलद वाढ, आहारातील तांब्याची कमतरता आणि इजा यांचा वाटा असतो. अनेक दोष आपोआप भरून येतात. मात्र मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात साधारण पाच महिन्यांनंतर आणि मांडीखालच्या सांध्यात आठ-नऊ महिन्यांनंतर ती शक्यता फारच कमी उरते.

गव्हाच्या प्रदेशात कोंडा स्वस्त, म्हणून खुराकात तो सढळपणे घातला जातो. कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या सुमारे आठ-दहा पट असते. वाढत्या शिंगराला याउलट स्फुरदाच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम लागते. हा तोल दीर्घकाळ बिघडल्यास शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते, हाडे ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडे फुगतात. हा विकार वरच्यापेक्षा वेगळा. उपायही साधा आहे. कोंडा कमी करून लसूणघास आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने खनिज मिश्रण द्यावे. मात्र शिंगराला जपायचे म्हणजे तबेल्यात बांधून ठेवायचे, असाही समज आहे आणि तो चुकीचा आहे. मोकळ्या कुरणातील हिंडण्यानेच कूर्चा व हाड बळकट होतात. अपाय होतो तो ओझ्याचा व कठीण जमिनीवरील अतिश्रमांचा.

एवढे ठाऊक असताना घाई का होते? विक्रेत्याला गुबगुबीत, उंच शिंगराचा भाव आज मिळतो. लंगडेपणाचा खर्च दोन वर्षांनी खरेदीदारावर पडतो. बाजारात दात पाहून वय कळते, सांधा आतून दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडलेली विषम माहितीची संकल्पना विद्यार्थ्यांनी येथे लावून पाहावी. गुण ओळखता येत नाहीत तेथे संयमाने वाढवलेल्या शिंगरालाही सरासरीच भाव मिळतो आणि संयम तोट्याचा ठरतो.

विसाव्या पशुगणनेनुसार घोडे व तट्टे यांची संख्या २०१२ मधील सुमारे ६.२५ लाखांवरून २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आली, घट ४५.६ टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश केला. उद्योजकांस ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपये, आणि जातीसंवर्धनासाठी राज्यांना १० कोटी रुपये अशी तरतूद आहे. महाराष्ट्रातील धनगरांचे बिऱ्हाड वाहणाऱ्या भीमथडी घोड्यासही स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. लहान संख्येच्या अशा जातीत एकच सदोष नर अनेक पिढ्यांना पुरतो. नेदरलँड्समध्ये स्वारीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी नरास मान्यता देण्यापूर्वी त्याच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी केली जाते. आपल्याकडील अनुदानास हीच अट जोडावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तपासणीचा खर्च त्या अनुदानाच्या तुलनेत नगण्य आहे.