डोंगरावरचा पाऊस मोजा, मगच बांध घाला



पाऊस किती झाला असे विचारले की आपण तालुक्याचा आकडा सांगतो. डोंगराळ भागात हा आकडा फसवतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, तर रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला जेमतेम सात-आठशे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी माथ्यावरच टाकतात.

हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण समजलो एका चुकीनंतर. पंचवीस वर्षांपूर्वी वाईच्या पश्चिमेस, कृष्णेच्या खोऱ्यातील एका गावी आम्ही माती नालाबांध घातला. सांडव्याची रुंदी मी तालुक्याच्या पावसावरून काढली. आषाढात एका रात्री बांध फुटला आणि खालची चार भातखाचरे दगडगोट्यांनी भरली. लावणी नुकतीच झाली होती. खाचरांचे मालक आबा एवढेच म्हणाले, "साहेब, तुमचा पाऊस वाईत पडतो, आमचा डोंगरावर पडतो."

पुढचे वर्षभर आबा, त्यांची सून आणि मी तो डोंगर मोजत होतो. पद्धत सोपी आहे. तुम्हालाही जमेल.

पाऊस : सपाट बुडाचा, सरळ कडांचा उंच डबा मोकळ्या जागी ठेवा. झाड किंवा घर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावे. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. एक डबा माथ्यावर आणि एक गावात ठेवा.

ओढा : पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळाने चढते, किती वेळाने उतरते आणि गढूळ की नितळ, हे टिपा. पूर असताना पाण्यात उतरू नका. काठावर खुणेचा खांब रोवून ठेवा.

झरा : दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. आमची कार्तिकात २० सेकंदांत भरे, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. चैत्रात तिला दोन मिनिटे लागली, म्हणजे ७,२०० लिटर. माणशी ४० लिटर धरले तर एवढे पाणी १८० माणसांना पुरते.

वहीतून दोन गोष्टी दिसल्या. माथ्यावर गावापेक्षा कितीतरी जास्त पाऊस होता. आणि उघड्या उतारावरचा ओढा तासाभरात गढूळ होऊन धावत येई, तर झाडी-गवताच्या उताराचा ओढा सावकाश चढे आणि पौषापर्यंत वाहत राही. तेथे पाणी मुरमात मुरत होते. खालच्या कठीण काळ्या पाषाणावर अडून ते झऱ्याला येत होते.

मग आम्ही आधी माथ्यावर समतल चर खोदले, घळीत दगडी बांध घातले, उतारावर चराई थांबवली. सर्वांत शेवटी, दुप्पट सांडवा ठेवून नालाबांध पुन्हा घातला. तो अजून उभा आहे.

आबा आता नाहीत. सूनबाईंची वही मात्र चालू आहे. गावात कोणी विहीर किंवा बांध काढायचा म्हटले, की आधी ती वही उघडली जाते. तुमच्या गावात अशी वही आहे का? नसेल तर येत्या मृगाला एक डबा ठेवा.