पेरणीपूर्वी पाण्याचा ताळेबंद

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 1972 च्या दुष्काळानंतर टेकड्या उघड्या पडल्या, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबांनी मजुरीसाठी गाव सोडले. पुढे श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, समपातळी चर खोदले, नाल्यांना बांध घातले. ही कामे सर्वश्रुत आहेत. त्यानंतर जे करण्यात आले, त्याकडे मात्र पाहुण्यांचे पुरेसे लक्ष जात नाही.

सन 2004 पासून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या साहाय्याने या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्यात येतो. पर्जन्यमापकावरून पडलेला पाऊस आणि निरीक्षण विहिरींवरून जमिनीत मुरलेले पाणी यांची नोंद होते. माणसे व जनावरे यांचे पाणी प्रथम बाजूस काढून उरलेल्या पाण्यात रब्बीची कोणती पिके घ्यावयाची, हे ग्रामसभेत ठरते.

हा हिशेब कोणासही समजण्याजोगा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. माणशी दररोज 55 लिटर धरल्यास हजार वस्तीच्या गावास वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर लागतात. पाटपाण्यावरील एक हेक्टर उसाला जवळजवळ तितकेच पाणी लागते! तेवढ्यात सुमारे आठ हेक्टर हरभरा निघू शकेल. हिवरे बाजारने ऊस व केळी वर्ज्य केली आणि शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास मनाई केली, ती यामुळेच.

खरी अडचण आकडेमोडीची नव्हे. ज्याच्या विहिरीस भरपूर पाणी आहे, तो 'विहीर माझी, पाणी माझे' असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे त्याच्या दृष्टीने गैर नसते. त्याने विहिरीवर पैसा खर्च केलेला असतो. परंतु खडकातील पाण्यास बांध नसतो. एकाने खोल बोअर घेतल्यास शेजारच्या उथळ विहिरी आटू लागतात. ही गोष्ट केवळ सांगून पटत नाही. सर्व विहिरींची पातळी चारचौघांत एकत्र मांडली म्हणजे ती डोळ्यांना दिसते.

अलीकडे या हिशेबाची निकड वाढली आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. पाऊस एका दिवसात धो धो कोसळतो, पाणी वाहून जाते आणि पुढे दीर्घ खंड पडतो. अशा वर्षी पाणी किती कमी आहे हे आश्विनात कळले, तर पीक बदलता येते. फाल्गुनात कळले, तर टँकर मागण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ज्या गावांत असा हिशेब नाही, तेथील कार्यकर्त्यांनी आरंभ लहान ठेवावा. एक पर्जन्यमापक आणि गावाच्या निरनिराळ्या दिशांच्या चार विहिरी पुरेत. सप्टेंबर अखेर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत पातळी मोजून आकडे चावडीवरील फळ्यावर लिहावेत. मापन विहिरीच्या मालकाच्या हातूनच करवून घ्यावे, म्हणजे आकड्यांवर कोणी संशय घेणार नाही.