विचारायला लाज कसली?



गावात शेतीची सभा भरते. साहेब तासभर बोलतात आणि शेवटी विचारतात, "समजलं ना सगळं?" साऱ्या माना एकदम हलतात. सभा उठली की पारावर खरी चौकशी सुरू होते, "अरे, ते सामू सामू म्हणत होते, ते काय असतं?" गावोगाव हेच दिसते. 'इतके पावसाळे पाहिले आणि एवढंही ठाऊक नाही?' असे कोणी म्हणेल, ही त्यामागची भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरे. पण शेतीत ती मूठ फार महागात पडते.

सामू हाच शब्द घ्या. माती परीक्षणात सामू सात आला तर जमीन उदासीन, सातच्या खाली आम्लधर्मी आणि वर विम्लधर्मी. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असते. म्हणजे शंभर किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. पन्नास किलोच्या पोत्यात ५, १३ आणि १३ किलो. दोन मिनिटांचे उत्तर. पण न विचारल्यामुळे कित्येकजण वर्षानुवर्षे शेजाऱ्याने नेले तेच पोते उचलतात.

फवारणीच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, उकाडा, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षण नाही, अशी कारणे पुढे आली. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याला सहसा कोणी काही सांगत नाही आणि तोही विचारत नाही. मालकाने त्याला आपणहून सांगावे.

म्हणून औषध घेताना दुकानदाराला हे जरूर विचारा:

हे कोणत्या किडीवर आहे? डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग कोणता? लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पंपाला किती घालायचे? लिटरला २ मिलि असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिलि. टोपणाने अंदाजे ओतू नका. दुसऱ्या औषधात मिसळलेले चालेल का? फवारल्यावर किती दिवसांनी भाजी तोडायची? निंदणीला बाया कधी पाठवायच्या?

हा शेवटचा प्रश्न घरच्या लक्ष्मीने विचारला तर "तुला काय करायचंय?" असे म्हणू नका. रानात वाकून काम तिलाच करायचे असते. पोराने विचारले तरी हसू नका. आज हसलात तर उद्या तो विचारणार नाही.

सभेत विचारायचा संकोच वाटत असेल तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. २००४ पासून ही सोय आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते आणि समोरच्याला तुमचे तोंड दिसत नाही!

आणि एक लक्षात ठेवा. आमच्यासारख्याने सांगितलेले समजले नाही, तर कमीपणा तुमचा नव्हे, सांगणाऱ्याचा. बेलाशक म्हणा, "साहेब, पुन्हा सांगा, आमच्या भाषेत सांगा." आमचा पगार त्यासाठीच आहे.