बहुमताचा रंग

१७९२ सालच्या शरद ऋतूत जॉन डाल्टनने मेणबत्तीच्या उजेडात जिरेनियमचं फूल पाहिलं आणि तो चक्रावला. दिवसा हे फूल त्याला आकाशी निळं दिसायचं. आता निळ्याचा मागमूसही नव्हता, फूल तांबडं झालं होतं. मित्रांना विचारलं, तर त्यांना ते दिवसाही गुलाबी दिसत होतं आणि रात्रीही जवळपास तसंच. सख्ख्या भावाला मात्र डाल्टनसारखाच बदल दिसला.

डाल्टन तेव्हा २६ वर्षांचा शिक्षक होता. त्याचा अणुसिद्धान्त पुढचा. आपल्याला दिसतं ते जगच असतं, की डोळ्यांनी आणि मेंदूने आपापल्या परीने रचलेलं चित्र, हा तत्त्वज्ञांचा जुना वाद एका कुंडीतल्या फुलाने त्याच्यापुढे आणून ठेवला. ‘मला दिसतं तेच खरं’ असा हट्ट त्याने धरला नाही आणि ‘सगळे म्हणतात म्हणजे मीच चुकतोय’ म्हणून तो गप्पही बसला नाही. तो वस्तूंच्या जोड्या लावत बसला. पाकिटावर मोहोर उठवायची लाल लाख आणि लॉरेलचं हिरवं पान त्याला एकाच रंगाचं वाटे. रक्त त्याला बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवट दिसे. हे सगळं त्याने १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत वाचून दाखवलं. स्वतःच्या नजरेबद्दल इतकं नेमकं, इतकं निर्भीड लिहिणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याचा तर्क असा, की आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश गिळत असावा. मृत्यूनंतर डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तो गेल्यावर त्याच्या डॉक्टरांनी एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत काढला. तो स्वच्छ, पारदर्शक निघाला. दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून त्यातून त्यांनी लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. रंगांत काही फरक पडला नाही. डाल्टनचा तर्क खोटा ठरला. अनुभव मात्र खोटा ठरला नाही.

त्या डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरमध्ये जपून ठेवले गेले. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतून डीएनए काढला, तेव्हा उत्तर मिळालं. रंग ओळखणाऱ्या पेशींचे आपल्या डोळ्यांत तीन प्रकार असतात. त्यांपैकी मधल्या, म्हणजे ढोबळमानाने हिरव्या, तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देणारं रंगद्रव्य डाल्टनकडे नव्हतंच.

आता त्या फुलाकडे पुन्हा पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. जिरेनियमची पाकळी लाल आणि निळा असे दोन्ही प्रकाश परतवते. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, मेणबत्तीच्या ज्योतीत फारच थोडा. म्हणजे फुलावरून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश खरोखरच बदलतो. आपला मेंदू उजेडाचा अंदाज घेऊन हा फरक बराचसा भरून काढतो आणि गुलाबी गुलाबीच राहतो. डाल्टनकडे रंगांची एक बाजूच नसल्याने तोल दिवसा निळ्याकडे झुकायचा आणि रात्री उलट्या दिशेला. इतरांच्या नजरेने पुसून टाकलेला एक भौतिक बदल त्या ‘सदोष’ डोळ्याने टिपला होता.

म्हणूनच ‘सर्वांना दिसतं ते वस्तुनिष्ठ आणि एकट्याला दिसतं ते व्यक्तिनिष्ठ’ ही आपली सोयीची वाटणी मला मान्य नाही. बहुमत म्हणजे वस्तुनिष्ठता नव्हे. २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून निम्मं जग निळा-काळा आणि निम्मं पांढरा-सोनेरी म्हणत भांडलं, तेव्हा बहुमतही दुभंगलं होतं. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. अनुभव ज्याचा त्याचाच असतो, पण त्यांतल्या फरकाला कारण असतं आणि ते कारण शोधता येतं, मग त्याला दोनशे वर्षं का लागेनात.

एक गोष्ट मात्र डीएनए सांगत नाही. डाल्टनला ‘निळं’ म्हणताना आतून नेमकं काय जाणवत होतं? टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघळाच्या निमित्ताने हाच प्रश्न विचारला होता. वटवाघळाच्या शरीराची सगळी माहिती हाती आली, तरी वटवाघूळ असणं कसं असतं हे त्यातून कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ही मर्यादा मी मानतो. पण तिच्या आडून ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ म्हणत चौकशीच सोडून देणं मला पटत नाही.

कारण ही चौकशी रोजच्या उपयोगाची आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या साधारण आठ जणांना लाल-हिरव्याची गल्लत होते. आपल्याकडे प्रमाण कमी असलं, तरी अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. चित्रकलेच्या तासाला पानं तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला ओरडा बसतो. हिरव्या मैदानात हरवलेला लाल चेंडू त्याला सापडत नाही, तेव्हा त्याचं लक्षच नाही असं ठरतं. ट्रॅफिक सिग्नलचं त्याला निभावतं, कारण उभ्या सिग्नलमध्ये लाल दिवा नेहमी वरच असतो. वर्तमानपत्रातल्या आणि पाठ्यपुस्तकांतल्या नकाशांवर मात्र लाल जिल्हे आणि हिरवे जिल्हे शेजारी शेजारी छापले जातात. तिथे रंगांसोबत रेघा, ठिपके किंवा आकडे द्यायला काहीच हरकत नाही, आणि ते आमच्यासारख्या छापणाऱ्यांनीच करायचं आहे.