बिल्जचं कोटेशन: रंगाचे पैसे मिळतात, घासण्याचे कोण देणार?

गेल्या व्हिडिओत बोटीच्या इंजिनखालचा कप्पा आणि बिल्ज रंगवून दाखवलं. बहुतेकांचा प्रश्न एकच, "दादा, रंग कुठला?" रेट कसा काढला हे दोघा-तिघांनीच विचारलं. धंदा तिथेच बसतो किंवा उठतो, म्हणून आज त्यावर लिहितो.

आधी माझी फजिती. मालवणात माझं रंग-हार्डवेअरचं दुकान. सात वर्षांपूर्वी जुलैमध्ये तारकर्लीच्या एका टुरिस्ट बोटीचं काम घेतलं. फायबरची बोट, आत डिझेल इंजिन. मी लांबी-रुंदी मोजली, डबे मोजले, वर मजुरी धरली आणि १८,००० रुपये सांगून मोकळा झालो. बीबीएला कॉस्टिंग शिकलेला माणूस! दिवाळीच्या गर्दीत मालक दुकानात आले आणि रंगाचा एक पापुद्रा काउंटरवर ठेवला. "हो बघ तुझो रंग. नखान निघता."

तसेच पापुद्रे बिल्ज पंपाच्या जाळीत अडकले होते. पंप चालू, पण पाणी बाहेर जात नव्हतं आणि बोटीत आठ पर्यटक होते. किनारा जवळ होता म्हणून निभावलं. काम मी फुकट परत केलं, ११,००० खिशातून गेले. त्यांची बोट ऐन सीझनात पाच दिवस उभी राहिली, ते वेगळंच.

चूक रंगाची नव्हती. बिल्ज म्हणजे बोटीचा सगळ्यात खालचा भाग, जिथे पाणी, डिझेल, इंजिन ऑइल सगळं उतरतं. माझ्या पोरांनी आधी सँडपेपर मारला, मग पुसलं. तेलावर सँडपेपर मारला की ते तेल ओरखड्यांत अजून खोल बसतं. क्रम उलटा हवा: डिग्रीजर, ब्रश, गोडं पाणी, परत डिग्रीजर, परत पाणी. मग पाण्याची परीक्षा घ्या. स्वच्छ पाणी मारल्यावर ते सलग पसरलं तर ठीक, थेंब-थेंब होऊन तुटलं तर तेल अजून आहे. त्यानंतरच ८० नंबरचा सँडपेपर. (धुतलेलं काळं पाणी खाडीत सोडू नका. कॅनमध्ये भरा.)

दुसरी चूक जुलै. पावसाळ्यात बोट वर असते, म्हणून मालक तेव्हाच काम देतात. पण इपॉक्सीला साधारण ८५ टक्क्यांच्या वर दमट हवा चालत नाही आणि आपल्याकडे जुलैमध्ये तेवढी असतेच. आता मी काम दोन तुकड्यांत घेतो. धुणं, खरवडणं, दुरुस्ती पावसात शेडखाली. रंग उघडीप मिळेल तेव्हा. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर घ्या, महाग नाही. संशय असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून घाम दिसला तर ब्रश उचलू नका.

आता कोटेशन. माझ्या सहा दिवसांच्या कामात साडेचार दिवस धुण्या-घासण्यात जातात. म्हणून "तयारी" ही ओळ वेगळी लिहितो आणि ती रंगापेक्षा मोठी असते. मालक म्हणतात, "भाऊ, नुसतं धुवायला एवढे?" तेव्हा पापुद्र्याची गोष्ट सांगतो. दर सांगण्याआधी इंजिन ज्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर बसतं त्यांवर हातोडीने हलकं ठोकून बघतो. बद्द आवाज आला तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. त्याचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर जातो. कुजक्यावर रंग मारून द्यायचं काम मी घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

एक ओळ सेफ्टीची. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. बॅटरी सोडवा, ब्लोअर लावा, कार्ट्रिजवाला मास्क द्या (धुळीचा मास्क इथे बिनकामाचा) आणि एक माणूस बाहेर उभा ठेवा. त्या माणसाची मजुरीसुद्धा कोटेशनमध्ये धरा.

रंग मारणं त्यामानाने सोपं. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. लागेल तेवढाच मिसळा, उन्हाळ्यात तो डब्यातच गरम होऊन घट्ट होतो. रबरी पाइप, अर्थिंगची पट्टी, फ्लोट स्विच यांना टेप लावा. पट्ट्यांमधली पाणी वाहायची भोकं रंगाने बुजू देऊ नका.

आणि रंग कुठला? दोन भागांचा इपॉक्सी, फिकट राखाडी. आत ऊन येत नाही, त्यामुळे इपॉक्सी पांढुरका पडत नाही, आणि फिकट रंगावर गळती लगेच दिसते. तारकर्लीचे तेच मालक अजून माझ्याकडेच येतात. गेल्या डिसेंबरात सकाळी फोन, "खाली एक काळो थेंब दिसता." ऑइल पाइपचा क्लॅम्प ढिला झाला होता. दुकानातून नवीन क्लॅम्प नेला, दहाची फेरी वेळेवर सुटली.