सरलादेवींची 'दाबी'

ओडिशा हे आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरचं राज्य. २०११ पर्यंत त्याला ओरिसा म्हणत. तिथली भाषा ओडिया. या भाषेतली एक गोष्ट आधी सांगतो. म्हणजे आम्हांला ज्या बाईंविषयी सांगायचं आहे, त्या कोणत्या काळात जन्मल्या ते तुम्हांला कळेल.

गोष्टीचं नाव 'रेवती'. फकीरमोहन सेनापती या थोर लेखकांनी ती १८९८ मध्ये लिहिली. रेवती ही खेड्यातली लहान मुलगी. तिला लिहावाचायला शिकायची फार हौस. बापाची ना नव्हती. गावचे तरुण मास्तर घरी येऊन शिकवू लागले. आजीला मात्र ते मुळीच पसंत नव्हतं. पोरीच्या जातीनं चूल सांभाळावी, तिला अक्षरं कशाला, असं तिचं म्हणणं. पुढं गावात पटकीची साथ आली. रेवतीचा बाप गेला, आई गेली. जमीनदारानं जनावरं ओढून नेली. मास्तरही गेले. शेवटी रेवतीनंही डोळे मिटले. आणि आजीनं या सगळ्याचा दोष कुणाला दिला? पोरीच्या शिकण्याला!

पटकी होते ती दूषित पाण्यानं नि अन्नानं. पाटीपेन्सिलीनं ती होत नाही. पण हे त्या म्हातारीला कोण समजावणार? अशा आज्या तेव्हा घरोघर होत्या. आपल्याकडंही काही कमी नव्हत्या.

ही गोष्ट लिहिली गेली, त्यानंतर सहा वर्षांनी, १९०४ मध्ये, सरलादेवींचा जन्म झाला. गाव नारिलो, बालिकुदाजवळचं. तेव्हा ते कटक जिल्ह्यात होतं. घराणं कानुनगोंचं, चांगलं खातंपितं. वडिलांचं नाव बासुदेव. त्यांचे भाऊ बालमुकुंद हे डेप्युटी कलेक्टर होते. त्यांनी या पुतणीला दत्तक घेतलं. अशा घरातल्या मुलीनं शाळेत जाऊन वरचं शिक्षण घेणं हे रीतीला धरून नव्हतं. मग काकांनी घरीच शिक्षक ठेवला. सरला ओडिया, बंगाली, संस्कृत आणि थोडं इंग्रजी शिकली. एवढीच तिची शाळा. परीक्षा नाही नि सर्टिफिकेट नाही.

काकांची नेमणूक बांकी इथं होती. तिथं शुकदेवी राणीची गोष्ट सांगतात. राजा लढाईत पडल्यावर या राणीनं स्वतः फौज घेऊन शत्रूशी सामना दिला. ती गोष्ट सरलाच्या मनात घर करून राहिली. तेराव्या वर्षी, १९१७ मध्ये, तिचं लग्न झालं. नवरा भागीरथी महापात्र, पेशानं वकील. पुढं तेही स्वराज्याच्या चळवळीत शिरले, आणि बायकोला त्यांनी कोंडून ठेवलं नाही. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती, हे ध्यानात घ्या.

१९२१ मध्ये गांधीजी ओडिशात आले. सरलादेवी असहकाराच्या चळवळीत उतरल्या. अंगावरचे दागिने त्यांनी देशकार्याला देऊन टाकले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठावर सरकारचा कर होता. समुद्राच्या पाण्याचं मीठ आपण होऊन केलं तर तो गुन्हा ठरे. सरलादेवींनी तो कायदा मोडला आणि त्या पकडल्या गेल्या. आधी छत्रपूरचा तुरुंग, मग पार लांब वेल्लोरचा. इतक्या लांब का? तर छत्रपूर ज्या गंजम भागात आहे, तो भाग तेव्हा मद्रास इलाख्यात मोडत असे.

आता त्यांच्या लिखाणाकडं वळू. त्यांची पुस्तकं तीसच्या घरात आहेत, आणि लेख तर कितीतरी. पण आम्हांला मोठी मौज वाटते ती 'बासंती' या कादंबरीची. ही एकट्यादुकट्यानं लिहिलेली नाही. नऊ जणांनी मिळून लिहिली, त्यात तीन बाया. भेंड्या लावाव्या तशी ती लिहिली! एकानं एक भाग लिहायचा, तिथून पुढचा धागा दुसऱ्यानं उचलायचा. १९२४ पासून ती 'उत्कल साहित्य' या मासिकात येत गेली आणि १९३१ मध्ये तिचं पुस्तक निघालं. बासंती ही शिकलेली मुलगी. लग्न होऊन ती नवऱ्याच्या गावी जाते. तिथं सुनेचं वाचन सासूच्या डोळ्यांत खुपतं. सून गावातल्या बायामुलींना शिकवू बघते, तेही खपत नाही. रेवती मुकाट्यानं मेली. बासंती सासरी उभी राहून आपलं म्हणणं मांडते. पंचवीस-तीस वर्षांत ओडिया गोष्टीतली मुलगी एवढी पुढं आली!

१९३४ मध्ये सरलादेवींनी 'नारीर दाबी' हे लिखाण केलं. 'दाबी' म्हणजे आपल्या मराठीतला दावा. कोर्टात जसा दावा लावतात तसा. दान मागणारा हात पसरतो. दावा सांगणारा आपलं आहे ते मागतो. बाईंनी मुद्दाम हा शब्द घेतला असं आम्हांला वाटतं. कारण तेव्हाची स्थिती बघा. हिंदू घरात भाऊ असला तर मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नव्हता. मत देण्याचा हक्क सगळ्यांना नव्हता. कुणाची मालमत्ता किती, कर किती, शिक्षण काय, हे पाहून तो मिळे. बायकांपैकी तर फार थोड्यांना तो होता.

१९३६ मध्ये ओडिशा हा वेगळा प्रांत झाला. १९३७ च्या निवडणुकीत सरलादेवी तिथल्या विधानसभेत गेल्या. विधानसभा म्हणजे कायदे करणारी सभा. त्या सभेत निवडून गेलेली ही पहिली ओडिया बाई. पुढं १९४३ मध्ये कटकला उत्कल विद्यापीठ निघालं. विद्यापीठाचा कारभार ठरवणाऱ्या सभेला सिनेट म्हणतात. त्या सिनेटवरही सरलादेवींना घेतलं. पदव्या देणाऱ्या सभेत ही बिनपदवीची बाई बसली!

स्वतःपुरतं लिहून त्या थांबल्या नाहीत. कुंतलाकुमारी साबत या त्यांच्याच काळातल्या ओडिया कवयित्री, पेशानं डॉक्टर. १९३८ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्या वारल्या. सरलादेवींनी त्यांच्यावर पुस्तक लिहून ठेवलं.

दाव्यांचे निकाल मात्र सावकाश लागले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, वयात आलेल्या प्रत्येक बाईला मत मिळालं. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला वाटा देणारा कायदा १९५६ मध्ये झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळायला २००५ साल उजाडलं. सरलादेवी त्याआधी १९ वर्षं, १९८६ मध्ये, गेल्या होत्या.